खंड्याच्या फोटोखालची वेळ

मुलुंड पूर्व
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय गंधालीताई,

पाकीट बघून दचकू नकोस, आई बरी आहे. गुडघा कुरकुरतोय, पण काल स्वतः जाऊन बांगडे घेऊन आली आणि मी आणलेले कसे शिळे असतात यावर दहा मिनिटं सुनावलं. म्हणजे झकासच म्हणायची. गार्गीचा हलणारा दात पडला का? तिला म्हणावं, मामाला दाखवल्याशिवाय टाकायचा नाही.

मुलुंडहून विक्रोळीला पत्र पाठवणारा मी एकटाच येडा असेन. व्हॉट्सअ‍ॅपवर चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. कागदावर निदान खोडलेलं तरी दिसतं.

मोठा फोटो कधी देतोस, असं तू तीनदा विचारलंस. पुढच्या महिन्यात भावोजींच्या वर्षश्राद्धाला त्यांनी टिपलेला खंड्या पक्षी भिंतीवर लावायचाय, दोन बाय तीन फुटांचा, आणि खाली बारीक अक्षरांत तारीख, वेळ. "जयवंतने शेवटचं काय बघितलं आणि किती वाजता, एवढं मला लिहिलेलं हवंय," असं म्हणाली होतीस. मी म्हटलं, करतो गं, प्रिंटवाला बिझी आहे. खोटं होतं ते. घाटकोपरचा तो प्रिंटवाला रिकामाच बसला होता. त्याने फाइल उघडली आणि म्हणाला, "साहेब, याचं पोस्टकार्ड निघेल. मोठा केला तर नुसते चौकोन दिसतील. ओरिजिनल द्या ना."

ओरिजिनल नाही, ताई. एकाचंही नाही. तीनशे बारा फोटो, भावोजींचे सात वर्षांचे रविवार. सगळ्यांची मी वाट लावली.

ते गेल्यावर तू कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, तुझ्याकडे सेफ राहील. मी त्यांच्या पक्ष्यांची वेबसाइट केली. जानेवारीत तू म्हणालीस, सासूबाईंच्या फोनवर ती उघडतच नाही, नुसतं चाक फिरतं. फोटो जड होते म्हणून. माझ्याकडे एका साडीवाल्याच्या साइटसाठी लिहिलेली स्क्रिप्ट होती. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, फोल्डरचं नाव द्यायचं आणि एंटर मारायचा. सगळे फोटो आपोआप लहान आणि हलके होतात. साडीवाला मूळ फोटो स्वतःकडे ठेवतो, त्यामुळे ती स्क्रिप्ट कॉपी वगैरे काढत नाही, जुन्या फाइलवरच नवी लिहिते. मी तिला भावोजींचं फोल्डर दिलं. चार मिनिटं लागली. कार्ड तर मी आधीच रिकामं करून गार्गीच्या गॅदरिंगसाठी तुला परत दिलं होतं.

आधी कॉपी काढा, मग हात लावा, हे मी क्लायंटना घसा फोडून सांगतो. आणि फोनवर साइट फटाफट उघडली तेव्हा तू मला थँक्यू म्हणालीस. मी ते घेतलंही.

इथवर लिहून उठलो, चहा केला. वाटलं, इथेच सही करावी. चूक झाली, माफ कर. एवढ्यावर तू रडली असतीस, चार शिव्या घातल्या असत्यास आणि मला माफही केलं असतंस. मला ठाऊक आहे ना तू कशी आहेस ते.

पण माझ्यासारख्या माणसाने कॉपी का काढली नाही, हे तू विचारणारच. मला घाई होती. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख आणि वेळ लिहून ठेवतो. वजन कमी करताना ती स्क्रिप्ट तेही काढून टाकते. मला तेच हवं होतं.

खंड्या शेवटचा फोटो नाही. त्याच्यानंतर अजून एक आहे, तो मी साइटवर चढवलाच नाही. त्यात फक्त खाडीचा चिखल आहे आणि भावोजींचे बूट. फोटो तिरका आहे. खाली बसलेल्या माणसाच्या मांडीवर कॅमेरा असावा आणि बटण दाबलं जावं, तसा. खंड्याची वेळ होती ७.२४. बुटांची ७.५२.

मधे, ७.३१ ला, त्यांनी मला फोन केला होता.

मी कट केला. दर रविवारी त्याच वेळेला फोन यायचा ना त्यांचा, "काय रे कुंभकर्णा, आज कोण दिसलं सांग?" मला वाटलं, तोच. मी 'नंतर करतो' असा मेसेज टाकला आणि कुशीवर वळलो. तू गार्गीला घेऊन देवगडला होतीस. त्यांना जवळचा मीच होतो. त्यांचा फोन चिखलात पडून कायमचा बंद झाला, त्यामुळे कोणालाच कळलं नाही.

डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, त्यांना कळलंही नसेल. येईल त्याला तू तेच सांगत होतीस आणि मी शेजारी उभा राहून मान हलवत होतो. एकवीस मिनिटं, ताई. निदान एकवीस मिनिटं ते तिथे बसले होते. मी उचलला असता तर वाचले असते का, मला माहीत नाही. पण एकटे नसते.

बुटांचा फोटो डिलीट करायला हात धजला नाही. त्यांचं शेवटचं होतं ते. म्हटलं, फोटो राहू दे, वेळ जाऊ दे. एकाच फोटोची वेळ गेलेली दिसली तर तू विचारशील, म्हणून सगळ्यांची घालवली. वेळ लपवायला गेलो आणि तुझा खंड्याही घालवून बसलो.

सोबत दोन पोस्टकार्डं ठेवलीयेत. याहून मोठी निघत नाहीत. दोन्हीच्या मागे वेळ पेनाने लिहिलीय. मधली वेळ कुठल्याच फोटोत नाही. ती माझ्या फोनमध्ये आहे, मी पुसलेली नाही. बघायची असेल तर दाखवेन.

वर्षश्राद्धाला यायचं की नाही, ते तू सांग. फोन कर, शिव्या द्यायला कर, काही न बोलता नुसता धरून ठेव. मी उचलेन.

भावोजींनी ज्याला फोन केला होता, तो तुझा भाऊ,
सुबोध