एकशे त्रेचाळीस किलोमीटर

१२ ऑक्टोबर, रविवार

नाही घेतली! सहीच केली नाही.

पासिंगच्या आधी गाडी एकदा बघून घ्या, असा शोरूमचा फोन होता. मी आणि अप्पा गेलो. पांढरी, चकचकीत. मी हौसेनं आत बसले, किल्ली फिरवली — आकडा एकशे त्रेचाळीस! यार्डातून शोरूमपर्यंत दहा-बारा झाले तर समजू शकते. ही बाई कुठं फिरून आली? वर मागच्या डाव्या काचेवर बोटांचे ठसे, मागच्या सीटचं प्लास्टिक चुरगळलेलं.

सेल्समन नंदीश गोड हसून म्हणतो, "ट्रान्सपोर्टमध्ये होतं मॅडम." म्हटलं, गाड्या ट्रेलरवरून येतात ना? मग चाकं काय ट्रेलरवर फिरत होती? तो पाणी आणतो म्हणून गेला तो आलाच नाही.

नवल अप्पांचं. दुधनीच्या अडत मालकाची गाडी चाळीस वर्षं चालवलेला माणूस! मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडतात. आज म्हणे, "घे की. इंजिन मोकळं झालं आसंल. बरंच हाय." आणि कोपऱ्यातल्या ड्रायव्हरशी कन्नडात बोलत बसले. मला असा राग आला!

१३ ऑक्टोबर, सोमवार

बँकेत झीनतला सांगितलं. ती वाहनकर्जं बघते, तिला सगळं माहीत. "पासिंग झालं नाही तोवर नाही म्हण. एकदा तुझ्या नावावर चढली की मग बस रडत."

खरं आहे. पण दुसरी गाडी डिसेंबरात मिळणार आणि माझी माढ्याची बदली तीन नोव्हेंबरपासून. बसच्या भरवशावर रोज परत येणं होत नाही. म्हणजे तिकडं खोली घ्यायची, आणि अप्पा इथं एकटे. आई गेल्यापासून ते कधी एकटे राहिलेले नाहीत. ठेवायची माझी छाती नाही.

गेल्या वर्षी होटगी रोडला चालवता चालवता त्यांना चक्कर आली. गाडी दुभाजकावर! डॉक्टर म्हणाले, आता स्टेअरिंग बंद. अप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून मला शब्द दिला. जुनी गाडी मी त्याच आठवड्यात विकली. तेव्हापासून गॅलरीत उभे राहतात आणि खालून जाणाऱ्याचा गिअर चुकला की स्वतःशीच चुकचुकतात.

१४ ऑक्टोबर

गाडी पाहिजे. फसवून घ्यायचं नाही. दोन्ही एकदम कसं जमवायचं?

१५ ऑक्टोबर, बुधवार

नंदीशचा फोन. मॅट फुकट, सीटकव्हर फुकट, पहिली सर्व्हिस फुकट. अरे, पहिली सर्व्हिस सगळ्यांनाच फुकट असते! म्हटलं, मला तुझं काही नको. गाडी कोणी नेली, कुठं नेली, तेवढं सांग. सांगेना. सरळ मॅनेजरला गाठलं.

अप्पा म्हणाले, "लई ताणू नगं. तुटंल." अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. विचारलं तर पोट जड आहे म्हणे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते, म्हणून स्पीकरवर टाकला. "चौकशी केली मॅडम. यार्डातल्या बसू नावाच्या ड्रायव्हरनं न विचारता बाहेर काढली होती. त्याला घरी बसवतोय." म्हटलं, बरं केलंत.

अप्पांनी कप खाली ठेवला. "बसूला काडू नगा म्हणावं. मी नेली गाडी."

मला आधी कळेचना. मग हळूहळू निघालं. बसू दुधनीचा, अप्पांच्या हाताखाली गाडी शिकलेला. अप्पांनी शब्द टाकला, त्यानं किल्ली काढली. दुधनीला जाऊन आले, इथून सत्तर किलोमीटर! का, तर म्हणे, "नवी गाडी पयल्यांदा सावकाश पळवावी लागती. तू काय, पयल्याच दिवशी दामटणार. इंजिन आखडलं म्हंजे?"

मी काय काय बोलले ते लिहवत नाही. लिंगाला हात लावला होता ना? वाटेत चक्कर आली असती तर? समोरून कुणाचं पोर आलं असतं तर? अप्पा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी एवढंच — "बसूच्या पोटावर पाय देऊ नगं."

पोळ्या करपल्या.

१८ ऑक्टोबर, शनिवार

तक्रार मागं घेतली. आमच्याच घरच्या माणसानं नेली होती, असं मॅनेजरला सांगताना तोंड लपवावंसं वाटलं. बसू कामावर राहिला. गाडीची सही करून टाकली, आता नाही म्हणायला तोंडच नाही. पण दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये राहणार. माढ्याला जाताना सुद्धा.

अप्पांशी बोलत नाही. ताट वाढते, उठते. फार वाईट वाटतंय. शब्द मोडतील असं कधी वाटलं नव्हतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

गाडी आणली. बसू चाकाखाली लिंबं ठेवत होता. अप्पा लांब उभे होते, तेवढ्यात त्याला म्हटलं, "बसूअण्णा, त्यांच्या हातात द्यायची नव्हती हो."

तो हातातलं लिंबू तसंच घेऊन उठला. "मामांच्या हातात? आक्का, मामांनी स्टेअरिंगला बोट न्हाई लावलं. मी चालवली की! मामा मागं बसलेले. डाव्या अंगाला, मालक बसायचे तितं. दुधनीच्या बाजारात काच खाली करून दोन चकरा मारायला लावल्या."

आणि हे सांगण्यापेक्षा माझ्या शिव्या खाल्ल्या!

मी जाऊन मागचं डावं दार उघडून धरलं. अप्पांनी बसूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. टोपी सारखी केली आणि बसले.

लिंबं फुटली. मागून आवाज — "शिवानी, क्लचवरचा पाय काड."