सुमनच्या अंगणातली जीप

रत्नागिरी, शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९८६

असली गाढवं पोलिसांतच भरती होतात! जेटीवर मासळीच्या लिलावात मारामारी झाली, ती सुमनने पाहिली, म्हणून हवालदाराने तिला जबाबाला चौकीवर बोलावलं. बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, असा कायदा आहे. त्याचं परिपत्रक चौकीतच खिळ्याला टोचलेलं. सकाळच्या हजेरीला मोठ्याने वाचतात आणि पुन्हा टोचून ठेवतात. झाली अंमलबजावणी!

मी सुमनच्या मागोमाग चौकीत गेलो आणि ते उपटून हवालदाराच्या टेबलावर आपटलं. सुमन बाकड्यावर बसली होती. खोटं कशाला लिहू, तिने बघावं म्हणूनच आपटलं.

"वकिली अर्धी सोडलीस ना रे? मग कायदापण अर्धाच सांग," हवालदार म्हणाला. सगळे खिदळले. पण फौजदाराने कागद वाचून सुमनला घरी पाठवलं. म्हटलं, जिंकलो.

कसला जिंकलो! संध्याकाळी जबाब घ्यायला जीप थेट तिच्या अंगणात. हवालदार पायरीवर, अख्खी वाडी कुंपणाच्या दगडी गडग्यावर. "पोरीने काय केलंन?" जो तो विचारतोय. जीप वाडीबाहेर ठेवावी, एवढं परिपत्रक काढणाऱ्या शहाण्याला सुचू नये? मला तरी कुठे सुचलं?

जीप गेल्यावर सुमन म्हणाली, "चौकीवर दहा मिनिटांत सुटले असते. तुला कोणी सांगितलेलं रे मध्ये पडायला? रविवारी मला बघायला येणार होते, ते आता कशाला येतायत!"

ते ऐकून मला आधी बरं वाटलं. मग तिचे भरलेले डोळे दिसले.

थू माझ्यावर.