साहेबांची खुर्ची

केडगाव, सोमवार, फेब्रुवारी १९७३

आज मी भरवलेलं बालवाडी शिक्षिकांचं शिबिर. गटविकास अधिकारी साहेबांची खुर्ची मी सकाळीच व्हरांड्यात काढून ठेवली. हारतुरे नाहीत, सगळे सतरंजीवर गोल. साहेब थबकले, मग बसले खाली. भीती वाटली होती मला, खोटं कशाला लिहू?

साहेब आधी बोलले तर बाकीच्या नुसत्या माना हलवतात, म्हणून त्यांची पाळी शेवटी ठेवली. तर एरवी प्रत्येक बैठकीत गप्प बसणारी अनुसया म्हणाली, "आया दिस उगवताच दुष्काळी कामावर जात्यात, पोरं संगं नेत्यात. मग अकराला बालवाडी उघडून बसायचं कुनासाठी?"

सकाळी सहाची वेळ ठरली, तीही शिक्षिकांनीच ठरवली. साहेब हसले, "मला बोलायला काही ठेवलं नाहीत, बाई."

खुर्ची आत ठेवायची राहिली. खरंच विसरले का मी?