अस्सल मार्बलची पारख

३ नोव्हेंबर
आजपासून मार्बल हा विषय नीट समजून घ्यायचा. आमच्या अबोलीचं लग्न ठरतंय. साखरपुड्याआधी आपल्या हॉलची फरशी बदलायची. सुलोचना म्हणाली, दुकानदाराला विचारू. नवऱ्याच्या बुद्धीवर बायकोचाच भरोसा नाही! महिनाभरात राजेंद्र नगरात माझ्याइतका जाणकार सापडणार नाही.

५ नोव्हेंबर
मकराना पांढरा. अंबाजीही पांढरा. इटालियन पांढरा, पण रेघांचा. हिरवा उदयपूरकडचा. अर्धा अभ्यास झाला. मार्बलवाला म्हणाला, भिया, पहले हॉल का नाप तो बताओ. मी क्वालिटीबद्दल बोलतोय, हा मापं काढतोय!

८ नोव्हेंबर
खरा मार्बल थंड असतो म्हणे. दोन सॅम्पल आणून दुपारी त्यांवरच झोपलो. डावीकडे मकराना, उजवीकडे अंबाजी.

संध्याकाळी : पाठ आखडली. दोन्ही बाजूंनी सारखीच. निकाल राखून ठेवला आहे.

१४ नोव्हेंबर
निशांतच्या, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या घरी बोलणी. हॉलभर पांढरा शुभ्र मार्बल. त्याचे वडील सुधाकरजी म्हणाले, खास मकरान्याहून आणलाय. सांगणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं. लिंबू पडलं की अस्सल मार्बलची चमक जाते. नेमकी पोह्यांबरोबर लिंबाची फोड आली! सगळे मुहूर्त बघत होते, तेवढ्यात हळूच फरशीवर पिळली. थोड्या वेळाने पुसलं, तर बशीएवढा डाग. उभा राहून सुधाकरजींचं अभिनंदन केलं. ते डागाजवळ खालीच बसले. भारावले असतील. अबोली घरी येईपर्यंत रडत होती. लग्न ठरताना मुली रडतातच.

१५ नोव्हेंबर
सुलोचना बोलत नाही. निशांतचा फोन नाही. सुधाकरजींना मीच फोन करून समजावलं की नकली असता तर डाग पडला नसता, आनंद माना. फोन कटला. नेटवर्क.

१८ नोव्हेंबर
अबोली म्हणाली, बाबा, प्लीज, आता तुम्ही काहीच करू नका. पोरीचे डोळे सुजलेले. बापाला बघवेना. व्हिनेगर घेऊन डाग काढायला गेलो. डाग आता ताटाएवढा आहे. सुधाकरजींनी बाटली काढून घेतली आणि मला गेटपर्यंत सोडायला आले. एवढा मान हल्ली कोण देतो?

२४ नोव्हेंबर
जमलं! निशांतने घरी सांगितलं म्हणे, लग्न अबोलीशी करायचंय, तिच्या बाबांशी नाही. साखरपुडा त्यांच्याकडेच. आपल्या हॉलचा मार्बल मी अजून फायनल केलेला नाही, त्यामुळे बरंच झालं. तोवर पाठीला आराम म्हणून मायलेकी मला देवासला भावाकडे पाठवताहेत. किती काळजी!

३० नोव्हेंबर
देवासहून थेट साखरपुड्याला. निशांतच्या आईने माझ्यासाठी खास खुर्ची ठेवली होती. फोटोसाठी उठलो तर घरचे सगळे एकदम ओरडले, बसा! खाली पाहिलं. खुर्ची डागावर होती. बसलो. फोटोत सगळे स्टेजवर, मी कोपऱ्यात एकटा. अबोली हसत होती, खूप दिवसांनी. मग बसूनच राहिलो.

घरी आलो तर हॉलची फरशी बदललेली. पांढरी शुभ्र. सुलोचनाला म्हटलं, शेवटी मकरानाच घेतलास ना! ती म्हणाली, टाइल्स आहेत.