तुझं माहेरचं नाव

आई, तुला जाऊन लई वर्सं झाली, तरी आज तुझ्यावर लई राग आलाय, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडं हाय, दोन इयत्तांत केवढं शिकणार!

पणतवाचे कान टोचायचे होते. बाजारच्या दिवशी काष्टीच्या सोनाराला मी सांगूनसुद्धा आले. तर माझ्या लेकीची लेक, या पोराची आई, म्हणते, "आजी, थांब. आधी तुझं माहेरचं नाव सांग." ती पुण्यात दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर काम करते. गावोगावच्या दवाखान्यांतली रक्ताच्या आजारांची माहिती एका जागी आणायची, म्हणजे घराण्यात काय चालत आलंय ते डॉक्टरांना दिसतं. माझा धाकटा पोरगा नगरच्या दवाखान्यात वारला, दात काढला नि रक्त थांबेना. राहात्याला दिलेल्या माझ्या बहिणीच्या लेकीच्या पोरालाही तेच, तो पुण्यात औषध घेतो. पण कॉम्प्युटरला आमी बहिणी हे कळेचना. कळणार कसं? लग्नात ताटातल्या तांदळात नवी नावं लिहून दोघींची जुनी पुसली. मी ती सांगितली, अन् दोन घरं जोडली गेली. "हा आजार आईकडून येतो, आजी, नि मुलग्यांना धरतो," नात म्हणाली.

मला आपली चूल दिसायला लागली. दादाचा हात विळीवर कापलाय, तू हळद दाबतीयेस, फडकं लाल झालंय. "माझे भाऊबी असेच गेले," तू पुटपुटतेस, मग मला बघतेस. "बाहेर बोललीस तर जीभ हासडीन! तुला करून कोण घेईल?"

दादा गेला. पुढं माझा पोरगा गेला, तवा माझ्याशेजारी बसून तू म्हणालीस, "नजर लागली." सासूनं मला पांढऱ्या पायाची ठरवली, तरी तू गप्पच. अगं, तू एक शब्द बोलली असतीस, तर मी त्याचा दात काढू दिला असता का? माझं लग्न झालं होतं की! मग कशाला लपवत होतीस?

पणतवाचं रक्त तपासलं. चांगलं निघालं! गल्लीभर साखर वाटली मी, सोनारालाबी दिली. संध्याकाळी नात म्हणाली, "आता पणजीचं माहेरचं नाव सांग. तिच्या बहिणी-मावश्यांच्या लेकरांत अजून कुणाला असेल, तर कळवता येईल."

मी एकेक हाक आठवायला लागले. आजोळी तुला आक्का म्हणायचे. आमी आई. बाबा नुसतं "अगं". तुझ्यावर एवढी ओरडतीय, पण तुझं खरं नाव मला ठाऊक न्हाई. कधी विचारलंच न्हाई.