माह्या लुगड्याचा मँगनीज-मॅन

३ मार्च २००२

लुगडं गेलं! लाल, जरीकाठाचं, ललिताच्या — माह्या पोरीच्या — लग्नात नेसलेलं. पेटीत हात घातला तर नुसता डांबरगोळ्यांचा वास. सारं घर उलथंपालथं केलं. अन् दुपारी आंगणात पाह्यलं — तर महागूच्या मानेले बांधलेलं! महागू म्हणजे चौकातला सायकल दुरुस्तीवाला. अंगात निळा पायजामा, अन् त्याच्यावर चड्डी. वरून!

"हे काय रे?"

माहा पोरगा राकेश कॅमेऱ्यामागून म्हणते, "माय, बाजूले हो. फ्रेममंदी येऊन राह्यली तू. पिच्चर चालू आहे. मँगनीज-मॅन."

राकेश लोकाईच्या लग्नाची शूटिंग करते. लगीन नसलं की याच्या डोक्यात असे किडे. आधी चड्डी, मंग पायजामा — हे मी त्याले शाळेच्या आधी शिकवलं होतं. चाळिशीत विसरला!

हे रचना लिहून राह्यली. माही सून, राकेशची बायको. मले अक्षर येत नाही, अन् मनात ठेवणंही येत नाही. तिच्याच नवऱ्याच्या चुगल्या तिच्याच हातानं! हासू नको वं, लिही.

७ मार्च

आज तवा गेला.

गोष्ट अशी म्हणे — महागू मँगनीजच्या खदानीत पडते. वर येते तर त्याच्या अंगाले लोखंड चिकटून राह्यते. सायकली, घमेले, माहा तवा. तवा डिंकानं चिकटवला! घासून घासून हात गेले, तरी सकाळच्या भाकरीले डिंकाचा वास.

"काहून रे, मँगनीजले लोखंड चिकटते का? तुहा बाप सारी उमर खदानीत राबला. त्याले एक खिळा नाही चिकटला."

"माय, कॉमेडी आहे हे."

"मंग मले हासू काहून नाही येऊन राह्यलं?"

रचनाले येऊन राह्यलं. पेन हालते, मले दिसते.

१० मार्च

आज तर हद्द झाली! उडायचा सीन. महागूले खाटेवर पालथा निजवला, चौघांनी खाट खांद्यावर घेतली अन् गल्लीतून पळत सुटले. राकेश खाली वाकून कॅमेरा वर धरून पुढे पुढे — म्हणजे पिच्चरमंदी खाट दिसायची नाही, फक्त महागू, आभाळ अन् माहं लुगडं.

पण शेजारच्या लीलाबाईले सगळंच दिसलं ना! चार खांदे, वर माणूस, त्याच्यावर कापड. तिनं ओट्यावरूनच हंबरडा फोडला — "अवं कोण गेलं वं!" आजूबाजूच्या बाया तांदूळ निवडायचे सुपं टाकून धावल्या.

महागूनं खाटेवरून हात जोडले, "काकू, मी जित्ता हावो!"

तिनं चप्पल फेकून मारली. लागलीही. राकेश खूश — "भारी आलं! ठेवतो हे."

सगळी गल्ली हासली. मी घरात जाऊन बसली. मागच्या चैतात बुढ्याले — राकेशच्या बापाले — याच गल्लीतून नेलं. याईच्या ध्यानात नाही आलं. पोट्टे आहेत — चाळीस वर्षांचे पोट्टे.

११ मार्च

सत्तावीस तारखेले बुढ्याले वर्ष होते. विहारात वंदना होईन, मंग जेवण. मले वरून एकच गोष्ट पाह्यजे — ललिताच्या लग्नाची कॅसेट लावा.

भिंतीवर फोटो आहे त्याचा. खदानीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. मान ताठ, डोळे फाडलेले. तो दुलीचंद आहे, बुढा नाही. बुढा त्या कॅसेटमंदी आहे. पंगतीत बसला आहे, वाढपी बुंदीची बालटी घेऊन मांगे लागला आहे, अन् हा पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून मुंडी हालवते. नको. नको.

घरीही असाच. माहं तोंड सुटलं की एक शब्द बोलायचा नाही. दोन्ही हात आडवे, मुंडी डावी-उजवी. अन् मी गप बसाची. बाकी कोणाच्या बापाले नाही ऐकलं मी.

राकेशले कॅसेट मांगितली. "हौ माय, काढतो."

१५ मार्च

कॅसेट? "काढतो."

१९ मार्च

व्हिलन पळाला! वारासिवनीचा होता, राइस मिलमंदी पोते उचलणारा, मिशा चांगल्या होत्या. त्याची सोयरीक जुळून राह्यली. पोरीवाले म्हणे, चोराले पोरगी देत नाही. पिच्चरमधला चोर आहे म्हटलं, तरी नाही!

तर राकेश माह्यापाशी येऊन बसला. इतका गोड बसला की मले तेव्हाच समजलं.

"माय, तूच कर. कोंढारानी. साऱ्या गावाचा तांदूळ पळवते अन् लोकाईले नुसता कोंढा ठेवते."

"मले नाही जमत नाटकं."

"नाटक कुठं? घरी बोलते तसंच बोलाचं."

रचना भांडे घासत होती. तिच्या हातचा गिलास पडला. हासून.

म्हटलं, करीन. पण आधी कॅसेट. "हौ म्हटलं ना माय!"

२३ मार्च

डोक्यावर पिठाची चाळणी, तिले चमकी लावलेली. हा मुकुट! मिलच्या मागं कोंढ्याच्या ढिगावर मले चढवलं. डोळ्यात कोंढा, नाकात कोंढा, कुठं कुठं कोंढा ते रचनाले लिहाले लावत नाही.

रचना कागद पाहून सांगे, मी ओरडाची. शेवटचं बोलणं हिंदीत — "कौन रोकेगा मेरेको?" माहा पाय घसरे अन् राकेश म्हणे, पुन्हा. शेवटी मले खरोखरच राग आला. महागू दोन पावलं मांगं सरकला — ती अॅक्टिंग नोहती. "कट!" म्हणून सारे टाळ्या वाजवाले लागले.

मी तिथूनच ओरडली, "कॅसेट?"

राकेश कॅमेऱ्याची काच पुसाले लागला. पुसलेलीच काच पुन्हा पुसे.

२५ मार्च

आज मी बोलली नाही तरी रचना हातात पेन धरून बसली. मंग म्हणे, "आई, मी सांगते. ते नाही सांगणार."

नव्या कॅसेटी संपल्या होत्या. दुकानात लग्नाच्या कॅसेटी ढीगभर पडल्या आहेत, पण त्या गिऱ्हाइकाच्या. गिऱ्हाइकाच्या कॅसेटीवर दुसरं भरत नाहीत, धंद्याचं इमान आहे म्हणे. मंग घरची घेतली. चिठ्ठी न पाहता. निघाली ललिताच्या लग्नाची, अन् तिच्यावरच कोंढारानी भरली.

म्हणजे बुढ्याले मीच झाकलं. चाळणी घालून.

रचना रडून राह्यली. अवं, तू काहून रडते? हे लिहू नको. — बरं, लिही.

२७ मार्च

वंदना झाली. जेवण झालं. ललिता कटंगीहून आली होती, तिनं विचारलं, "माय, कॅसेट लावाची होती ना?" म्हटलं, विजेची लाइन नाही. लाइन होती.

राकेशनं माह्या ताटात भाजी वाढली. मी ताट सरकवलं.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक पाह्यली. उद्या संध्याकाळी विहाराच्या मैदानात पिच्चर. लाइनीच्या लपंडावानं राकेशचं जोडकाम अर्ध्यावर अटकलं आहे. शेवटची कॅसेट — कोंढारानीवाली — कापाकापी न करता आहे तशीच लावणार म्हणे, जनरेटरवर. लावू दे. मी नाही येत. माहं लुगडंही त्यानं परत केलं, धुऊन, घडी घालून. तरी नाही येत.

रचना म्हणे, "आई, लीलाबाई चप्पल मारते ते तरी पाहा."

नाही म्हटलं ना!

१६ एप्रिल

गेली होती. रचनानं हाताले धरून नेलं.

सारे हासले. खाटेले हासले, तव्याले हासले, लीलाबाई स्वतःच्या चपलीले हासली. शेवटी मी आली, कोंढ्यावर उभी, चाळणी चमकत — "कौन रोकेगा मेरेको?"

पडदा हालला. आडव्या रेघा आल्या. माहा सीन तिथंच संपला होता अन् त्याच्या पुढं कॅसेटवर जुनंच उरलं होतं. बँड वाजला — अन् बुढा! पंगतीत बसलेला. दोन्ही हात आडवे. मुंडी डावी-उजवी.

मैदान फुटलं. शिट्ट्या, टाळ्या! महागू लुगड्याशिवायच नाचाले लागला. राकेश मशीनकडे धावला, तोंड पांढरं — "माय, उद्या कापून टाकतो!"

मी त्याचा हात धरून ठेवला. बोलली काहीच नाही. बुढ्यानं हात आडवे केल्यावर मी कधी बोलली का?