ऐरण सोमारीची, फाटके पिंप मुखरूचे

मी, गुणाबाई बेवा वारलू मांडवकर, जात लोहार, धंदा लोहारकाम व वेल्डिंग, वय अंदाजे साठ, राहणार मूल, जिल्हा चांदा, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय करावे ते या कागदात सांगून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. भट्टीपुढे बसून डोळे अधू झाले आणि छातीत कफ धरला आहे, पण माणूस ओळखू येतो आणि त्याची नियतही ओळखू येते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला जो आला होता त्याला मी परवा सांडशी दाखवून अंगणाबाहेर काढले. त्याचे नाव मुखरू. तो माझा सख्खा दीर आहे.

लिहिणारे बापूजी अर्जनवीस आहेत. त्यांनी कलम उचलण्याआधीच मला बजावले, "गुणाबाई, मृत्युपत्रात शिव्या चालत नाहीत." मी म्हटले, "शिव्या नाई देत जी. जे झालं ते सांगून राह्यली. कोणाले ते शिवीसारखं लागलं, तं लागू द्या." हेही लिहा म्हटले, म्हणून त्यांनी लिहिले आहे.

कलम १. राहते घर दोन खोल्यांचे, कवेलूच्या छपराचे, आणि त्याला लागून कामाची शेड. ही मिळकत माझे मालक वारलू आणि मी, दोघांनी आपल्या हाताने उभी केली. सासऱ्याची त्यात एक काडी नाही. शेडीचे पत्रे म्हणजे सडकेच्या कामावर टाकून दिलेली डांबराची पिंपे; ती उभी कापून, ठोकून सपाट केली. खांब रेल्वेच्या भंगारातल्या रुळांचे आहेत. दार एका जळालेल्या लाकूडवाहू लारीच्या फळक्याचे आहे आणि त्याची बिजागरे लारीच्याच चाकावरच्या कमानपट्टीतून काढली. लोक ज्याला कचरा म्हणून लाथ मारत, ते आम्ही बैलगाडीत घालून घरी आणायचो. त्या वेळी मुखरू सडकेवर उभा राहून हसत असे. आता तोच म्हणतो, शेडीत माझा वाटा आहे. वाटा हसण्यातला असेल तर तो त्याला मिळालेला आहे.

नवऱ्यामागे ही मिळकत आता पूर्ण माझी, नव्या कायद्याने मला ती कोणालाही देता येते, असे बापूजींनी समजावून सांगितले. तो कायदा ज्याने कोणी केला त्याचे भले होवो.

कलम २. ऐरणीबद्दल. हे कलम नीट लिहावे, कारण भांडण इथेच होणार आहे.

सासऱ्याची ऐरण वाटणीत मुखरूला गेली. त्याने ती होळी यायच्या आत बाजारात विकली आणि कशात घातली ते मूलच्या प्रत्येक दारूभट्टीला ठाऊक आहे. वारलूजवळ घण होता, हात होते, पण घाव घालायला खाली काही नव्हते. मग त्याने भंगारातून रुळाचा एक जाड तुकडा आणला, त्याचे एक टोक तापवून तापवून निमुळते केले आणि वरचे तोंड सहाणेवर घासून सपाट केले. सहाण फिरवायला मी होते. माझ्या हाताला त्या पावसाळ्यात घट्टे पडले ते अजून आहेत. सध्या शेडीत साजाच्या झाडाच्या ओंडक्यावर बसवलेली ऐरण ती हीच. मुखरू चारचौघांत हिला "बापाची ऐरण" म्हणतो. ते साफ खोटे आहे. बापाची ऐरण शोधायची असेल तर ज्याला विकली त्याच्याकडे जावे.

आमच्यात रीत अशी आहे. लोहार मेला की त्याची ऐरण ओंडक्यावरून काढून उलटी ठेवतात. सुतक फिटले की ज्याने चितेला आगी दिली तो ती सुलटी करून पहिला घाव घालतो. तेव्हापासून भट्टी त्याची. आम्हाला मूलबाळ जगले नाही, म्हणून वारलूला आगी मुखरूने दिली. तेवढ्यावर त्याचा सगळा दावा आहे. "आगी मी देल्ली, ऐरण माही," एवढेच वाक्य तो गावभर घेऊन फिरतो.

कलम ३. वारलू कसा गेला, हे पोलिसांच्या कागदात "अपघात" या एका शब्दात आहे. माझ्या कागदात ते पुरते असावे.

गॅसचे वेल्डिंग वारलू राइस मिलच्या नागपूरकडच्या मिस्त्रीजवळ बसून शिकला. त्या कामात एक नेम आहे. पेट्रोलचे पिंप कापायचे असेल तर ते आधी काठोकाठ पाण्याने भरायचे, रातभर तसेच ठेवायचे, ओतायचे, हुंगायचे आणि मगच ज्योत लावायची. पिंप रिकामे दिसले तरी आत वाफ बसलेली असते. मुखरूला हे पक्के माहीत होते. आमच्याच शेडीत बसून त्याने ते वारलूच्या तोंडून ऐकले होते.

मुखरू एक पिंप घेऊन आला. पाण्याची टाकी करून दे म्हणाला, गिऱ्हाईक दुपारी येणार, घाई आहे. वारलूने विचारले, "पाणी भरून ठेवलं होतं का रे?"

"हो दादा. रातभर भरून होतं. आताच सांडून आणलं."

मी भात्याजवळ होते. पिंपाची बाहेरची बाजू कोरडी होती, त्यावर सडकेची धूळ जशीच्या तशी होती. मी म्हटले, "हुंगून तं पाहा." वारलू म्हणाला, "भाऊ सांगून राह्यला ना." त्याने ज्योत लावली.

मुखरूने पिंप भरले नव्हते, विसळलेसुद्धा नव्हते. विहिरीवर जाऊन दोर ओढायचा त्याला कंटाळा आला. मी असे म्हणत नाही की त्याने भावाला मारायचे ठरवले होते. तेवढी मेहनत त्याने आयुष्यात कशासाठी घेतली नाही. कंटाळ्यापायी खोटे बोलला आणि माझा माणूस गेला. मग सगळ्यांत मोठ्याने रडला तोच. मला त्याचा राग आहे, तो मी सोबत घेऊन जाणार आहे आणि कोणी मध्ये पडून समेट घालू नये.

सुतक फिटल्याच्या सकाळी तो दोन माणसे घेऊन ऐरण उचलायला आला. ती मी आणि सोमारीने आधीच पहाटे सुलटी करून ओंडक्यात ठोकली होती. भट्टी पेटलेली होती आणि सोमारीच्या हातात घण होता. मुखरू म्हणाला, "वयनी, बाईनं घण माराव, ऐरण धरू नये. रीत आहे." मी म्हटले, "पिंप पाण्यानं भराव, हेबी रीत आहे." तो गेला आणि पंचांना घेऊन आला. पंचांनी मला वाळीत टाकले.

कलम ४. सोमारी कोण, हे बापूजी म्हणतात कागदात स्पष्ट पाहिजे. सोमारी ही धानोऱ्याकडच्या चैतू आत्राम याची मुलगी, जात गोंड. बापाबरोबर कोळसा विकायला आमच्याकडे येत असे. नवऱ्याने टाकल्यावर एकटी आली, कोळशाची गोणी उतरवली आणि परत गेलीच नाही. मी तिला ठेवून घेतले नाही. तीच राहिली.

तिच्यात खोडी पुष्कळ आहेत. घणाचे दांडे मोडते. जेवायला हाक मारली तर ऐकत नाही. गिऱ्हाइकाशी गोड बोलणे तिला जन्मात जमणार नाही. माझ्याशीही भांडते आणि भांडून झाल्यावर माझे पाय चेपते, त्यामुळे धड रागही धरता येत नाही. पण वारलू गेल्यापासून ज्योत तीच धरते, आणि कोणाच्याही शब्दावर धरत नाही. पिंप स्वतः भरते, स्वतः ओतते, नाक आत घालून हुंगते. गिऱ्हाईक कितीही घाई करो, "उद्या या" म्हणते आणि पाठ फिरवते. या गावात वारलूचे काम कोणी खरोखर शिकले असेल तर ते तिने. माझी ती पोर आहे. हे मी तिला तोंडावर कधी म्हटले नाही, आज ती दारात बसून ऐकत आहे म्हणून ऐको.

सबब कलम १ मधील घर व शेड, कलम २ मधील ऐरण, भाता, घण, सांडशा, कार्बाइडची टाकी, नळ्या, आणि परसातले सगळे भंगार, खाली लिहिलेल्या दोन वस्तू सोडून, मी सोमारीला देत आहे. तिने ते वापरावे, विकावे, मोडावे, तिची मर्जी. अट एकच. मुखरूच्या घरून आलेल्या कोणत्याही वस्तूला तिने ज्योत लावू नये. पाण्यात बुडवून आणली असली तरी.

कलम ५. पहिली वस्तू. पंचांत मुख्य लटारू पाटील. मला वाळीत टाकण्याच्या आधी त्यांनी कमानपट्टीची एक कुऱ्हाड सांगितली होती. ती तयार आहे. वाळीत टाकलेल्या बाईच्या अंगणात कसे जायचे म्हणून ते घ्यायला आले नाहीत, संध्याकाळी गडी पाठवला, त्याला मी हाकलले. धार चांगली आहे, मध्ये मध्ये तेल लावत असते. माझ्या मागे त्यांनी स्वतः यावे, समोरच्या दाराने, दिवसाउजेडी, सोमारीला राम राम घालावा आणि घेऊन जावी. गडी आला तर देऊ नये.

दुसरी वस्तू. ते पिंप. एका बाजूने फाटलेले, परसात बोरीखाली आहे. भंगारवाल्याने अनेकदा मागितले, मी दिले नाही. ते मुखरूला द्यावे. लोटत नेऊन त्याच्या दारासमोर ठेवावे, आणि काठोकाठ पाण्याने भरायचा प्रयत्न त्याने आता करावा.

बापूजी इथे थांबले. म्हणाले, "गुणाबाई, हे जरा जास्त होऊन राह्यलं." मी म्हटले, "कमीच आहे." लिहिले.

कलम ६. माझ्या अंत्यविधीबद्दल. माझ्या प्रेताला मुखरूने हात लावू नये. आगी सोमारीने द्यावी.

बापूजींनी समजावले की कायद्यात आगीचा आणि मिळकतीचा काही संबंध नाही, कागद पक्का आहे, आगी कोणीही दिली तरी चालेल. मी म्हटले, "कायदा चांद्याच्या कचेरीत राह्यते, मुखरू माह्या भिंतीले भिंत लावून राह्यते. त्यानं आगी देल्ली की पंच त्याच्या मागं उभे राह्यतीन. या पोरीले कागद हाती घेऊन कचेरी चढाव लागन, तवरिक तो ऐरण उपटून नेईन." बापूजी म्हणाले, पण बाईने, तीही दुसऱ्या जातीच्या, आगी दिलेली पंच मानणार नाहीत, मुखरू काडी ओढून घेईल. तेवढ्यात सोमारी दारातून बोलली.

"मी आगी नाई देत."

मी तिच्यावर ओरडले. एवढे सगळे तुझ्यासाठी लिहून राह्यली अन् तू भेतं काय, म्हणाले.

"भेत नाई, बाई. वारलूभाऊले आगीनं नेलं. मी पाह्यलं ना ते. तुमाले मी माह्या हातानं आगीत नाई टाकत." मग खाली पाहून म्हणाली, "आमच्यात मातीत ठेवतेत. माह्या बापाच्या गावी जागा आहे. माहे भाऊ येतीन, खाटेवर घेऊन जातीन."

मला आधी पटले नाही. लोहाराची बाई, जन्म आगीपुढे गेला, आणि तिला पुरायचे? बापूजी हळूच म्हणाले, "समाज काय म्हणन?" तेव्हा मात्र मला उजेड पडला. मी म्हटले, "समाजानं मले बाहेर काढलं. मंग समाजाचा जाळ मले कायले पाह्यजे? खोडा ते. आगी द्यायचीच नाई."

तरी कलम ६ मधील "आगी सोमारीने द्यावी" हे शब्द माझ्या सांगण्यावरून खोडले आहेत. त्या जागी असे वाचावे: मी मेल्यावर आधी सोमारीच्या भावांना बोलवावे, मुखरूला बातमी मागून द्यावी. मला धानोऱ्याकडे नेऊन सोमारीच्या लोकांच्या रीतीने मातीत ठेवावे. वाटेने रडणे-ओरडणे नको. भट्टी विझवू नये, ऐरण उलटी करू नये. आणि मुखरू काडी घेऊन आलाच, तर त्याला मातीचा ढीग दाखवावा.

हा कागद मला वाचून दाखवला, पटला, आणि खाली माझ्या डाव्या अंगठ्याची निशाणी मी खाली नमूद साक्षीदारांदेखत केली. सोमारीचा अंगठा घेतला नाही, मिळकत घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असे बापूजी म्हणतात. ती शेडीत गेली आहे. हे लिहिताना तिच्या घणाचा आवाज येत आहे.

निशाणी डावा अंगठा: गुणाबाई बेवा वारलू मांडवकर

साक्षीदार:
१. भैयाजी वल्द दादाजी शेंडे, राइस मिलमधील मिस्त्री, राहणार मूल. खाडाखोड माझ्यासमोर झाली. सही.
२. इंदुताई बेवा पत्रू चौधरी, सुईण, राहणार मूल. बाई शुद्धीत आहे, मी नाडी पाहिली. निशाणी अंगठा.

लेखक: बापूजी अर्जनवीस. बाईंनी सांगितले तसे लिहिले, माझ्या मनचे काही नाही. सही.

मुक्काम मूल, जिल्हा चांदा. तारीख १४ मार्च १९५८.